तिसरी पिशवी

आमच्या घरात तांदूळ विकत आणलेला मी कधी पाहिला नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात धान्याचे दलाल. दलालाकडं माल नसतो, वानगी असते. गिरणीवाला मूठ-दोन मुठी तांदूळ कागदाच्या पुडीत घालून पाठवतो, आप्पा तो तळहातावर पसरून गिऱ्हाइकाला दाखवतात, सौदा जुळतो नाहीतर फिसकटतो, आणि पुडी आमच्याकडं उरते. अशा दिवसाला पंधरा-वीस पुड्या. संध्याकाळी त्या आप्पांच्या स्कूटरच्या डिकीतून घरी यायच्या आणि आव्वा, म्हणजे माझी आई, त्या सगळ्या एकाच डब्यात ओतायची.

त्यामुळं आमच्या भातात एकाच घासाला आजऱ्याचा वासाचा तांदूळ, गगनबावड्याचा लाल जाडा आणि कुठला तरी आंध्रातला सुईसारखा बारीक असे सगळे एकत्र नांदायचे. निम्मी शितं शिजून लगदा, निम्मी दाताखाली कच्च. लग्न होऊन मी उचगावात सासरी गेले तेव्हा पहिल्यांदा एका जातीचा भात खाल्ला. मला तो अगदीच बेचव लागला. सासूबाईंना वाटलं, सून माहेरच्या आठवणीनं जेवत नाही.

गेल्या काही वर्षांत आप्पांचे गुडघे फार कुरकुरायला लागले. उचगाव जवळच, म्हणून मी आधीपासून रोज पेढीवर येऊन फोन घ्यायची, पत्रव्यवहार करायची, आणि जेवायला माहेरीच असायची. धान्यही मला कळतं, अगदी बढाई मारून सांगते, डोळे मिटून बोटांत धरलं तरी तुकडा कुठला आणि अख्खा कुठला ते मी सांगेन. पण खुर्चीवर आप्पा आणि स्टुलावर मी, अशी आमची वाटणी होती. एक दिवस ते खुर्चीवरूनच म्हणाले, "वरीसभर सौदे तू कर. बघू. एक जरी सौदा तुज्या चुकीनं मोडला, तर गाळा इकणार. मोबाईलवाला मागंच लागलाय."

हा मोबाईलवाला दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा आणि कुठल्या भिंतीला काचेची कपाटं लावायची ते नजरेनंच ठरवून जायचा. त्याला बघितलं की माझं डोकं फिरायचं. मला ती खुर्ची हवी होती. बेचाळिसाव्या वर्षी माणसाला एखादी लाकडी खुर्ची इतकी हवीशी वाटू शकते, हे मी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

आणि त्याच वर्षी मी माझा पहिला परदेशातला सौदा जुळवला. परदेश म्हणजे शेजारचा, बांगलादेश. तिकडचे एक व्यापारी गडहिंग्लजकडच्या एका गिरणीवाल्याचा तांदूळ घ्यायला तयार झाले. पहिल्यांदा एकच ट्रक, पटला तर पुढं रांग. ते स्वतः कोल्हापूरला आले. सडपातळ, हसरे, मला पहिल्या मिनिटापासून दीदी म्हणायला लागले. गिरणीत बसून बोलणं झालं. शंभर दाण्यांत पाचाच्या वर तुकडा चालायचा नाही, असं ठरलं.

मग आमच्या धंद्यातली रीत झाली. मोठ्या सौद्याला मालातून तीन पिशव्या वानगी काढायची. एक घेणाऱ्याची, एक देणाऱ्याची, तिसरी दलालाची. दोघांत वाद झाला तर घेणाऱ्याची पिशवी धरत नाहीत, देणाऱ्याचीही नाही. दलालाची फोडतात. मांजरपाटाच्या पिशवीवर तिघांनी सह्या केल्या, सुतळीनं तोंड बांधलं, वर लाख ओतली. यार्डात उंदरांचा सुळसुळाट, म्हणून आप्पा ही तिसरी पिशवी पहिल्यापासून घरी देवघराबाहेरच्या खुंटीला टांगायचे. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे. आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान त्या पिशवीला होता, अशी माझी समजूत होती.

ट्रक निघाला आणि चार दिवसांत दोन्ही सरकारांचं बिनसलं. आपल्या सरकारनं तुकडा तांदूळ, म्हणजे आपली साधी कणी, देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. आधी आपल्या माणसांनी खायचं, मग दुसऱ्यांनी, असं आपलं म्हणणं. तिकडं लोक चिडले. ऐन गरजेला शेजारी दार लावून घेतो, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवर दोन कोटवाले एकमेकांच्या अंगावर ओरडत होते आणि दोघांचंही मला पटत होतं. मी ते बघत सात जातींचा भात कालवून खात होते. आपला तर अख्खा तांदूळ आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून मी चॅनल बदललं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा फोन. हा माणूस फोनवर बोलतो तेव्हा फोनची गरजच नसते. "ताई, ट्रक अडीकलाय. बॉर्डरवर. माज्या तांदळाला कणी म्हणाय लागल्यात. माज्या!"

झालं होतं असं. सीमेच्या अलीकडं ट्रक उभा असताना घेणाऱ्यांच्या तपासनिसानं एका पोत्यातून तांदूळ काढला. त्यात शंभरात वीस तुकडे निघाले. त्यानं लिहून टाकलं, हा ठरलेला माल नाही, आम्ही घेणार नाही. तो कागद आपल्या कस्टमच्या साहेबांनी वाचला. घेणाराच तुकडा म्हणतोय म्हटल्यावर हा तुकडाच, आणि तुकड्याला बंदी, म्हणून ट्रक बाहेर सोडता येणार नाही. तिकडचे म्हणाले तुकडा आहे म्हणून आत घेत नाही, इकडचे म्हणाले तुकडा आहे म्हणून बाहेर सोडत नाही. टीव्हीवर एकाही गोष्टीवर न पटणाऱ्या त्या दोन देशांचं माझ्या एका ट्रकवर एकमत झालं. मला हसूच फुटलं. गिरणीवाल्याला ते आवडलं नाही.

"हसाय काय झालं? आता तुमची पिशवी फोडा की. तीच सांगंल."

खरंच की. त्यासाठीच तर ती होती. मी इतकी खुशीत आले की स्कूटर दोनदा चुकीच्या गल्लीत घातली. पिशवी घ्यायची, दोघांसमोर व्हिडिओ कॉलवर लाख फोडायची, दाणे मोजायचे, की सौदा माझा आणि खुर्चीही माझी.

देवघराबाहेरच्या खुंटीला कॅलेंडर होतं.

"आव्वा, पिशवी कुठाय?"

"कंची पिशवी?"

"वानगीची. लाख लावलेली. हितं टांगलेली."

"ती व्हय," आव्वा म्हणाली आणि लाटण्यानंच स्वयंपाकघराचा कोपरा दाखवला.

तिथं नळाच्या वर एक पिशवी लोंबत होती आणि तिच्यातून पातेल्यात थेंब थेंब पाणी गळत होतं. आव्वानं तिच्यात श्रीखंडासाठी दही टांगलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. मांजरपाटावर तिन्ही सह्या फिकट निळ्या होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यात माझी कुठली तेही कळत नव्हतं.

"आणि आतला तांदूळ?"

"शिजीवला की."

"कधी?"

"ते बंगालचं पावणं जेवायला आलतं तवा. डब्यातला मिसळ-पाचळ भात त्येंच्या पानात वाढायचा व्हय? काय म्हनलं असतं? घरात एकजात तांदूळ तेवढाच हुता. लाख काय निघंना, शेवटी विळतीनं खरवडली."

ते जेवण मला लख्ख आठवत होतं. पिशवीला लाख लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची परतीची गाडी होती, म्हणून आव्वानं निघण्याआधी दुपारच्या जेवणाचं आवतण दिलं होतं. आमच्याकडं मांस-मासे शिजत नाहीत, म्हणून तिनं पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. पाहुण्यांनी अर्धी पोळी कशीबशी संपवली आणि मग भाताकडं वळले ते वळलेच. आमटीशी भात, दह्याशी भात, मग नुसताच भात. दोन बोटांत शीत धरून उजेडाकडं केलं, मान डोलावली आणि म्हणाले, "दीदी, भात और है?" मी मनात म्हटलं होतं, आव्वानं आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून तांदूळ आणलेला दिसतो. आणि मीही तीनदा वाढून घेतला होता. माझ्याच पहिल्या सौद्याचा पुरावा मी आमटी ओतून खाल्ला होता.

आधी मी भरपूर ओरडले. माझा आवाज चढला की शेजारचे टीव्ही बंद करतात. आव्वाही चिडली, आणि ती चिडली की कानडीत शिरते, तिथं माझा काही निभाव लागत नाही. तेवढ्यात गिरणीवाल्याचा परत फोन आला. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याचा आवाज खाली आला, आणि हे मी पहिल्यांदाच अनुभवलं.

"त्यात काय मोठंसं," तो म्हणाला. "त्योच माल गिरणीत पडलाय. आत्ताच्या एस.टी.नं धाडतो. नवी पिशवी भरा, लाख लावा. सह्या काय, बघून काढता येत्यात."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "धाडा."

दुपारी तीन वाजता मी आणि आव्वा सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, सूप घेऊन बसलो. त्याचा तांदूळ चांगलाच होता, पण मनात पाप शिरलं की हात थांबत नाहीत. मी म्हटलं, आणखी थोडे तुकडे काढू, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यात भरेल. शंभर दाणे मोजायचे, चार तुकडे ठेवायचे, बाकीचे काढायचे. चारच का, तीन ठेव, आव्वा म्हणाली. मग म्हणाली, साडेतीन ठेव. अर्धा तुकडा म्हणजे काय, असं मी विचारलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय आव्वाच्या बोटांना पन्नास वर्षांची सवय. सूप समोर आलं की खडा, कोंडा, कणी आपोआप वेचून बाजूला पडते. मी चार तुकडे ठेवायची, मान वळवली की ते नाहीसे. तासाभरानं आमच्यापुढं असा तांदूळ तयार झाला की त्यात औषधालाही तुकडा नव्हता. एकसारखा, झळझळीत, मोत्यासारखा. असा तांदूळ जगातली कुठलीही गिरणी काढू शकत नाही. माझ्या हातची असली बनावट पिशवी कुणी फोडली असती तर पहिल्या मुठीलाच त्यानं मला पोलिसांत दिलं असतं. "आव्वा, थोडी कणी परत घाल," मी म्हणाले. ती म्हणाली, "चांगल्या तांदळात कणी घालतंय व्हय कोन?" आणि मी पोट धरून सोप्यात आडवी झाले.

त्या अवस्थेत आप्पांनी आम्हाला पाहिलं. ते यार्डातून आले होते आणि दारात चपला काढत उभे होते. सूप, सुतळी, लाखेची कांडी. त्यांना सांगावं काही लागलं नाही. मी उठून बसले. आता गाळा गेला, उद्या तिथं काचेची कपाटं, असं मला स्पष्ट दिसलं.

ते येऊन सावकाश खाली बसले. मूठभर तांदूळ उचलला, बघितला. "लई साफ झालाय," म्हणाले.

मग तांदळाकडंच बघत, "त्या खुंटीवर कंचीच पिशवी टिकली न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे ट्रक पोचल्याचा फोन आला की मीच हिला म्हनायचो, काढ आता. चांगला तांदूळ, उगं कीड लावून कशाला घालवायचा? सनासुदीला शिजवायचो आपन. ह्या वक्ताला हिनं जरा गडबड केली, येवढंच."

"आणि कुणी मागितली असती तर?"

"कुनी मागितलीच न्हाय. सौदा अडला की लोक मला इच्यारायचे, आप्पा, वानगी कशी हुती? मी सांगायचो. मिटायचं."

मला असा संताप आला म्हणून सांगू. ज्या पिशवीपायी मी आठव्या वर्षी मार खाल्ला ती दर सणाला माझ्याच ताटात येत होती. हा माणूस चाळीस वर्षं रिकाम्या खुंटीच्या जोरावर धंदा करत होता आणि सगळं यार्ड त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत होतं. मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि आप्पांचा अभिमानही वाटत होता, आणि हे सगळं एकदम होत असल्यामुळं मी सुपाला लाथ मारली. तो मोत्यासारखा तांदूळ सोप्यापासून अंगणापर्यंत उधळला. शेजारच्या कोंबड्यांनी त्याची प्रत बरोबर ओळखली.

मी तिथंच उभी राहून बांगलादेशला फोन लावला.

"दादा, तिसरी पिशवी माझ्याकडं नाही," मी माझ्या यार्डातल्या हिंदीत सांगितलं. "आम्ही ती शिजवली. आणि निम्मी तुम्हीच खाल्लीत."

आप्पा मान खाली घालून बसले होते. आव्वानं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"वो भात?" पलीकडून हळूच आवाज आला. "गोड रोटीच्या दिवसाचा?"

"तोच."

आणि ते जे हसत सुटले, त्यांना बोलता येईना. कुणाला तरी बंगालीत सांगितलं, ते माणूसही हसायला लागलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "दीदी, जन्मभर मी भात खातोय. त्या भाताचं एक एक शीत मोकळं होतं. तो तुकडा नव्हता. म्हणजे ट्रकमधला तांदूळ बघण्यातच काहीतरी चुकलंय. मी स्वतः जातो."

ते गेले. तिसऱ्या दिवशी फोन आला. तपासनिसानं फाळक्याजवळचं, सहज हाताला लागलेलं पोतं उसवलं होतं. ड्रायव्हरनं टायर बदलताना तेच पोतं उतरवून जॅकखाली घातलं होतं आणि आतल्या तांदळाचे तुकडे पडले होते. मधली तीन पोती फोडली तर शंभरात चारच तुकडे. आता दोन्हीकडच्या साहेबांना फक्त एक कागद हवा होता, दलालाचं पत्र. मूळ वानगी आपण पाहिली होती, ती ठरल्याप्रमाणे होती, आणि आता ती कुठं आहे.

पत्र मी लिहिलं. शेवटच्या मुद्द्यापाशी माझं पेन अडलं. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला लाज वाटत होती. शेवटी लिहिलं, 'सदर वानगी खरेदीदार व दलाल यांच्या उपस्थितीत दुपारच्या भोजनात वापरण्यात आली असून ती उत्तम शिजली.' आपल्याकडच्या साहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्यालाही दाखवलं, असं मला नंतर कळलं.

पत्रावर सही राहिली होती. पेढी आप्पांच्या नावावर. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं. फोन स्पीकरवर चालू होता.

"दीदींचीच सही पाठवा," पलीकडून आवाज आला. "साहेबांना मी त्यांचंच नाव सांगितलंय. मला खरं त्यांनी सांगितलं."

आप्पांनी टोपण परत लावलं. कागद माझ्याकडं सरकवला. मी सही केली, फोटो काढला, पाठवला. संध्याकाळी पाच वाजता ट्रक पलीकडं गेला. गिरणीवाला फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या गाळ्यातले लोक चौकशीला आले. मी त्या सगळ्यांना चहा सांगितला. खुर्चीवर बसले, उठले, परत बसले. मोबाईलवाला चहाच्या वेळेला बरोबर उगवला, त्याला मी चहाही दिला आणि आता भिंतीकडं बघायचं नाही असंही सांगितलं. यार्डात कुणी बघत नसतं तर मी फुगडी घातली असती.

लोक पांगल्यावर माझं लक्ष गेलं. आप्पा स्टुलावर बसले होते. माझ्या स्टुलावर. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते, बराच वेळ तोच पुसत होते.

"झ्याक झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मंग, मी उद्यापास्नं काय करू?"

वर्षभर मी या खुर्चीच्या मागं होते, आणि ती खुर्ची कुणाची रिकामी होणार आहे हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. माझा सगळा आनंद एकदम लटपटला. टेबलावर कुणाची तरी नवी पुडी पडली होती. मी ती उघडली, तांदूळ तळहातावर पसरला आणि मुद्दाम कपाळाला आठ्या घातल्या. सुपाला लाथ मारल्यापासून मी दोन देशांपुढं एक शब्द खोटा बोलायचा नाही म्हणून धडपडत होते.

"उद्या लवकर या, आप्पा," मी म्हणाले. "ह्यात कणी किती हाय, मला काय समजंना बगा."

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, स्टूल खुर्चीच्या जवळ ओढलं आणि माझा हात उजेडाकडं वळवला.

"समजत न्हाय ते दिसतंयच की," ते म्हणाले.